तीन मिनिटांच्या तबकडीत न मावलेला ड्यूक एलिंग्टन

२३ जानेवारी १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्या संध्याकाळी एकही खुर्ची रिकामी नव्हती. युद्धात होरपळलेल्या रशियाच्या मदतीसाठी कार्यक्रम ठेवला होता आणि प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टही होत्या. एरवी या रंगमंचावर बेथोवन आणि ब्राम्स वाजायचे. त्या दिवशी तिथे बसला होता हार्लेमच्या नाइट क्लबमधून नावारूपाला आलेला, कृष्णवर्णीय वादकांचा एक जॅझ बँड. पियानोवर होता ड्यूक एलिंग्टन.

त्याने त्या रात्री एक नवी रचना वाजवली. नाव ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’. लांबी साधारण पाऊण तास. विषय, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास. गुलामांच्या जहाजापासून १९४३ च्या हार्लेमपर्यंत.

जॅझमध्ये तोवर इतकं मोठं आणि इतकं उघडपणे इतिहास सांगणारं काही कुणी लिहिलं नव्हतं. आणि तरीही त्या हिवाळ्यातले मोजके कार्यक्रम सोडले, तर एलिंग्टनने ती रचना लोकांसमोर पुन्हा कधी पूर्ण वाजवली नाही. त्यानंतर तो ३१ वर्षं जगला. जवळजवळ रोज कुठे ना कुठे वाजवत राहिला. पण ही रचना तुकड्यातुकड्यांनीच वाजत राहिली.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

बटलरचा मुलगा

एडवर्ड केनेडी एलिंग्टनचा जन्म २९ एप्रिल १८९९ चा, वॉशिंग्टन शहरातला. वडील जेम्स एका गोऱ्या डॉक्टरच्या घरी बटलर होते. अधूनमधून व्हाइट हाउसमधल्या मेजवान्यांनाही वाढपी म्हणून जायचे. घरात पैसा बेताचा, पण टेबलावर काटे-चमचे कसे मांडायचे आणि चारचौघांत कसं बोलायचं, याची शिस्त मोठी. आई डेझी आणि वडील, दोघंही पियानो वाजवायचे. मुलाचे कपडे आणि रुबाब बघून एका मित्राने त्याला ‘ड्यूक’, म्हणजे उमराव, म्हणायला सुरुवात केली. ते नाव कायमचं चिकटलं.

तेव्हाच्या वॉशिंग्टनमध्ये शिकल्यासवरल्या कृष्णवर्णीयांचा मोठा वर्ग होता. शाळा वर्णभेदामुळे वेगळ्या होत्या, पण त्याच शाळांमध्ये मुलांना आपल्या लोकांचा इतिहास अभिमानाने शिकवला जायचा. १९१५ साली विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ‘द स्टार ऑफ इथिओपिया’ हा इतिहासपट वॉशिंग्टनच्या बेसबॉल मैदानात सादर केला. शेकडो कलाकार, आणि आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंतचा प्रवास एकाच खेळात. एलिंग्टन तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याच शहरात राहत होता. (याच ड्यू बॉइस यांना पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती.)

एलिंग्टनला चित्रकलाही चांगली यायची. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती समोर असताना त्याने ती नाकारली आणि नाचगाण्याच्या कार्यक्रमांत पियानो वाजवू लागला. जोडीला पाट्या रंगवण्याचा धंदा होताच. कुणी कार्यक्रमाचा फलक रंगवून घ्यायला आलं, की तो बँड ठरला का, असंही विचारून घ्यायचा. हा व्यवहारीपणा त्याच्यात शेवटपर्यंत होता आणि पुढची गोष्ट समजायला तो लक्षात ठेवावा लागतो.

१९२३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला.

वाजवणारे काळे, ऐकणारे गोरे

डिसेंबर १९२७ मध्ये एलिंग्टनच्या बँडला हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये काम मिळालं. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. क्लबमधले गाणारे, नाचणारे, वाजवणारे, वाढणारे सगळे कृष्णवर्णीय. ग्राहक मात्र फक्त गोरे. वादकाच्या बायकोला नवऱ्याचं वादन ऐकायचं असेल, तरी समोरच्या टेबलावर जागा मिळायची नाही. मालक ओनी मॅडन हा दारूबंदीच्या काळातला नामचीन गुंड. सजावट दक्षिणेतल्या मळ्यांची, म्हणजे ज्या मळ्यांवर या वादकांचे आजे-पणजे गुलाम होते त्यांचीच. कार्यक्रमात आफ्रिकेचं जंगल दाखवायचं आणि त्याला साजेसं ‘जंगली’ संगीत वाजवायचं.

एलिंग्टनने ते काम चार वर्षं केलं आणि त्यातून स्वतःची भाषा घडवली. त्याच्या बँडमधले ट्रम्पेटवाले आणि ट्रॉम्बोनवाले वाद्याच्या तोंडाशी रबरी टोपण धरायचे. तुंबलेलं बेसिन मोकळं करायला जो रबरी पंप वापरतात, त्याचंच ते टोपण. ते उघडझाप करत वाजवलं, की पितळी वाद्यातून माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघतो. तो गुरगुरतो, कण्हतो, हसतो. गोऱ्या ग्राहकांना त्यात जंगल ऐकू यायचं. बबर मायली आणि ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन हे त्यातले उस्ताद माणसाचं बोलणं वाजवत होते.

त्याची लिहिण्याची रीतही वेगळी होती. वाद्यवृंदाच्या कागदावर साधारणपणे ‘पहिला ट्रम्पेट’, ‘दुसरा ट्रम्पेट’ असं लिहिलेलं असतं. एलिंग्टन वादकाचं नाव लिहायचा. अमुक सूर कूटीने धरायचा, अमुक जॉनीने. जॉनी हॉजेसचा रेशमी सॅक्सोफोन आणि हॅरी कार्नीचा खर्जातला सॅक्सोफोन त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असायचे आणि रचना त्यांच्यासाठीच व्हायची. आपल्याकडे संगीत नाटकांत एखादं पद विशिष्ट नटाचा गळा डोळ्यासमोर ठेवून बांधलं जायचं, तसंच हे. कार्नी १९२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बँडमध्ये आला आणि एलिंग्टनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ४७ वर्षं, तिथेच राहिला.

कॉटन क्लबमधून रेडिओवर थेट प्रक्षेपण व्हायचं, त्यामुळे एलिंग्टनचं नाव देशभर झालं. पण देशभर फिरायचं कसं? दक्षिणेत कृष्णवर्णीयांना चांगली हॉटेलं दार उघडत नव्हती. मग बँडसाठी रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्याने घेतले गेले. गावात पोहोचायचं, डबा बाजूच्या रुळावर उभा करायचा, तिथेच जेवायचं आणि झोपायचं. आपण उपाशी राहिलो, आपल्याला हाकललं, अशी तक्रार करायची वेळच येऊ द्यायची नाही. उलट पाहणाऱ्याला वाटावं, हे कोण बडे लोक आलेत! एलिंग्टनची लढायची पद्धत ही अशी होती. भांडायचं नाही आणि झुकायचंही नाही. ती पुरेशी होती का, यावर त्याच्या हयातीतच वाद झाले. त्याकडे पुढे येऊच.

तीन मिनिटांचा तुरुंग

त्या काळातली ७८ फेऱ्यांची तबकडी आठवा. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनाही ख्याल तेवढ्यात बसवावा लागला होता. जॅझवाल्यांचं सगळं अर्थकारणच या तीन मिनिटांवर चालायचं. गाणं छोटं, नाचता येण्याजोगं हवं. एलिंग्टन या चौकटीत कमालीचा तरबेज होता. ‘मूड इंडिगो’ ऐकलंत तर तीन मिनिटांत केवढं मावतं ते कळेल.

पण त्याला त्याबाहेर जायचं होतं. १९३५ मध्ये आई गेली. आईवर त्याचा इतका जीव होता की काही काळ तो हतबल झाला होता. त्या दुःखातून आलेली ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ ही रचना तबकडीच्या चार बाजूंवर पसरली. समीक्षक जॉन हॅमंड याने ती झोडपली. हॅमंड श्रीमंत घरातला, डाव्या विचारांचा, वर्णभेदाचा मनापासून विरोधक. पण जॅझने कसं असावं, याबद्दलची त्याची मतं ठाम होती. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९४१ च्या उन्हाळ्यात एलिंग्टनने लॉस एंजेलिसमध्ये ‘जंप फॉर जॉय’ हा गाण्यांचा आणि नाचाचा खेळ उभा केला. रंगमंचावर कृष्णवर्णीय माणूस म्हणजे खाली मान घालून हसणारा नोकर, ही ठरीव प्रतिमा पुसून काढायची, हा त्याचा उद्देश त्याने लपवला नाही. खेळ सुमारे तीन महिने चालला. धमक्याही आल्या. त्यामागे आणखी एक मोठा आराखडा कित्येक वर्षं त्याच्या डोक्यात घोळत होता. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या ‘बूला’ नावाच्या माणसाची आणि त्याच्या वंशजांची गोष्ट सांगणारा ऑपेरा. तो ऑपेरा कधी झाला नाही. पण कार्नेगी हॉलची तारीख ठरली, तेव्हा त्याच्यासाठी जमवलेल्या सामग्रीतूनच ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ उभं राहिलं.

त्या रात्री काय वाजलं

नावातले तीन रंग कातडीच्या छटांचे आहेत, आणि काळाचेही.

पहिला भाग ‘ब्लॅक’. सुरुवातीलाच ढोलांचे ठोके आणि पाठोपाठ गुलामांचं श्रमगीत. हातोडा पडतो, श्वास सुटतो, पुन्हा हातोडा. ट्रॉम्बोन तो श्वास वाजवतो. मग येतं ‘कम संडे’. रविवारी गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना चालली आहे. गुलामांना आत प्रवेश नाही. ते बाहेर उभे राहून आतले सूर ऐकतात आणि हलक्या आवाजात आपलेही मिसळतात. जॉनी हॉजेसने सॅक्सोफोनवर ही धून वाजवली. इतकी संथ, की सूर पुढच्या सुरावर जातानाही दिसावा. आपल्याकडच्या श्रोत्याला ही मींड ओळखीची वाटेल. मंदिराच्या पायरीबाहेर उभं राहून आतलं ऐकणं म्हणजे काय, हेही महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

दुसरा भाग ‘ब्राउन’. इथे एलिंग्टनने शाळेच्या पुस्तकात सहसा न सापडणारी एक गोष्ट घातली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७९ च्या सव्हाना शहराच्या लढाईत, आजच्या हैतीतून आलेले कृष्णवर्णीय सैनिक लढले होते. ‘वेस्ट इंडियन डान्स’ त्यांच्यासाठी आहे. त्यानंतर गुलामगिरी संपल्याचा उत्सव. पण त्यातही दोन सूर आहेत. तरुण नाचत सुटतात आणि म्हातारे गोंधळून उभे राहतात. आयुष्यभर राबून आता कुठे विसाव्याचा हक्क मिळाला होता, तर आता जायचं कुठे? हा दुसरा सूर रचनेत घालायला इतिहासाची समज लागते. शेवटी बेटी रोशेने गायलेला ब्लूज.

तिसरा भाग ‘बेज’, म्हणजे त्या काळातलं हार्लेम. बाहेरच्यांना तिथे फक्त नाचगाणं दिसतं. एलिंग्टन दाखवतो ती शिकणारी, चर्चला जाणारी, पोटाला चिमटा घेऊन घर चालवणारी माणसं. मग युद्धाचा उल्लेख येतो आणि देशाच्या झेंड्याखाली उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या गौरवाने रचना संपते.

हा शेवट आज थोडा सरकारी वाटतो, हे मान्य करायला हवं. पण १९४३ मध्ये अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. सैन्यातला भेदभाव संपवण्याचा आदेश १९४८ मध्ये निघाला. बाहेर हिटलरशी आणि घरात वर्णभेदाशी, असा दुहेरी विजय मिळवायचा, ही मोहीम कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत जोरात होती. अशा वेळी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीसमोर बसून, हा देश आमच्या घामावर उभा आहे आणि आम्ही त्याच्यासाठी सुरुवातीपासून लढत आलो आहोत, हे पाऊण तास वाजवून सांगणं याला देशभक्ती म्हणा की मागणी म्हणा.

आणि मग समीक्षा आल्या

दुसऱ्या दिवशीपासून वर्तमानपत्रं निघाली. ‘हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये पॉल बोल्स लिहायचा. पुढे तो कादंबरीकार म्हणून गाजला. त्याला रचना विस्कळीत वाटली आणि जॅझने शास्त्रीय संगीताच्या वाटेला जाऊच नये, असा त्याचा एकंदर सूर होता. शास्त्रीयवाल्यांचं म्हणणं पडलं की याला आकार नाही. जॅझवाल्यांपैकी हॅमंड म्हणाला की ड्यूक जॅझ सोडून चालला, यावर नाचता येत नाही. लेनर्ड फेदरसारखे काही जण एलिंग्टनच्या बाजूने तावातावाने लढले. पण पहिला घाव बसून गेला होता.

त्यातल्या काही टीकेत तथ्य आहे. भागांना जोडणारे सांधे कुठे कुठे कच्चे आहेत आणि ‘बेज’ घाईत लिहिल्याचं जाणवतं. एलिंग्टन नेहमीच शेवटच्या क्षणापर्यंत लिहीत बसायचा. पण ज्या रचनेचा विषय तीनशे वर्षांचा इतिहास आहे, तिला नाचता येत नाही म्हणून नापास करणं हे आज वाचताना चमत्कारिक वाटतं. कॉटन क्लबच्या ग्राहकाला जे हवं होतं, तेच थोड्या सुसंस्कृत भाषेत पुन्हा मागितलं जात होतं.

बोस्टन आणि क्लीव्हलँडमध्ये तिचे पूर्ण प्रयोग झाले आणि मग थांबले.

तबकडीनेही साथ दिली नाही. संगीतकारांच्या संघटनेचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार चालू होता. वादकांना तबकड्यांच्या विक्रीतून काहीच मिळत नाही, म्हणून ऑगस्ट १९४२ पासून संघटनेने स्टुडिओ बंद पाडले होते. बहिष्कार उठल्यावर डिसेंबर १९४४ मध्ये व्हिक्टर कंपनीने ही रचना घेतली, पण फक्त निवडक उतारे. तबकड्यांच्या चार बाजू, एकूण सुमारे १८ मिनिटं. एकाच तबकडीवर सलग वीसेक मिनिटं मावणारी एलपी यायला १९४८ उजाडणार होतं. हार्लेमची जवळजवळ सगळी गोष्ट गेली. उरल्या त्या सुट्या धुना.

महालिया

एलिंग्टनने वाद घातला नाही. तो दरवर्षी कार्नेगी हॉलला नवी मोठी रचना घेऊन यायचा आणि जुनीतले तुकडे मधूनच वाजवायचा. १९५० च्या दशकात मोठ्या बँडचे दिवस संपत आले. भले भले बँड बंद पडले. त्याने मात्र आपल्या गाण्यांच्या मानधनातून वादकांचे पगार भरत बँड चालू ठेवला. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात पॉल गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर एका दमात २७ आवर्तनं वाजवली, लोक खुर्च्यांवर चढून नाचले आणि एलिंग्टनचं नशीब पुन्हा फिरलं. (गोन्साल्विस नावावरून गोवा आठवला असेल, तर तर्क फार चुकलेला नाही. त्याचं घराणं केप व्हर्डे बेटांवरचं. गोव्यासारखीच तीही पोर्तुगीज वसाहत.)

या नव्या यशाच्या बळावर फेब्रुवारी १९५८ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’चा एलपी अल्बम झाला. तबकडी आता लांब होती आणि अख्खी रचना जवळपास मावली असती. तरीही एलिंग्टनने फक्त पहिला भाग घेतला आणि तो नव्याने फुलवला.

कारण त्याच्यासमोर महालिया जॅक्सन होती. महालिया ही चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याची सम्राज्ञी. नाइट क्लबमध्ये ती गायची नाही. जॅझवाल्यांबरोबर गाणं तिच्या चर्चमधल्या अनेकांना रुचणारं नव्हतं आणि तीही बिचकत होती. पण अलबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्षभर बसवर बहिष्कार टाकला होता, मार्टिन ल्यूथर किंग हे नाव देशाला कळलं होतं आणि महालिया त्या चळवळीसाठी गात होती. पंधरा वर्षांपूर्वी सॅक्सोफोनवर वाजलेलं ‘कम संडे’ आता तिच्या गळ्यातून शब्दांसह आलं. चर्चबाहेर उभी असलेली माणसं जणू पहिल्यांदा बोलली. शेवटी एलिंग्टनने तिला बायबलमधलं तेविसावं स्तोत्र गायला सांगितलं. आधी बसवलेली चाल नव्हती. बँड मागे हळूच सूर धरतो आणि ती पुढे वाट काढत जाते. तो भाग काहीसा चाचपडत जातो, हे खरं आहे, पण ‘कम संडे’ ऐकल्यावर तेवढं माफ.

म्हणजे या अल्बमवर नाव अख्ख्या रचनेचं आणि आत तिचा एक भाग. बाकीचे दोन रंग आवरणावरच राहिले.

तू बोलत का नाहीस?

आता तो वाद. जानेवारी १९५१ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये गोऱ्या-काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवणाऱ्या सभागृहात एलिंग्टनचा कार्यक्रम होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने त्याविरुद्ध निदर्शनं जाहीर केली आणि कार्यक्रम रद्द झाला. ज्या संघटनेसाठी त्याने अनेकदा फुकट वाजवलं होतं, तीच आता समोर उभी होती. एलिंग्टन दुखावला. त्याच वर्षी एका वृत्तपत्रात, आपले लोक अजून तयार नाहीत अशा अर्थाचं विधान त्याच्या नावावर छापून आलं. त्याने ते नाकारलं, पण बोल लागायचा तो लागला. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवलं, तेव्हा लुई आर्मस्ट्राँग सरळ राष्ट्राध्यक्षांवर तुटून पडला होता. एलिंग्टनचा तसा आवाज कधी आला नाही.

त्याचं म्हणणं असं की मी हे सगळं वर्षानुवर्षं संगीतातून सांगतोच आहे, ऐकणारा हवा. गंमत म्हणजे सरकार ऐकत होतं. एफबीआयने त्याच्या नावाची फाइल उघडलेली होती.

मला वाटतं, त्याच्या टीकाकारांचं अर्धं बरोबर होतं. वेगळ्या रांगांसमोर वाजवून वर्णभेद हटत नाही, हे रिचमंडच्या लोकांना कळलं होतं आणि त्याला कळायला वेळ लागला. पण कळलं. फेब्रुवारी १९६० मध्ये बाल्टिमोरमध्ये विद्यार्थ्यांबरोबर तो स्वतः एका उपाहारगृहात जाऊन उभा राहिला. साठीचा, जगप्रसिद्ध माणूस. त्यालाही जेवायला दिलं नाही. १९६१ पासून त्याच्या करारात अट आली. प्रेक्षकांना रंगावरून वेगळं बसवणार असाल, तर बँड वाजवणार नाही.

ऑगस्ट १९६३ मध्ये शिकागोला त्याने ‘माय पीपल’ हा खेळ केला. गुलामी संपल्याच्या शताब्दीचं निमित्त होतं. त्यात ‘कम संडे’ आणि ‘ब्लॅक’मधलं श्रमगीत पुन्हा आलं, आणि अलबामात पोलिसांनी आंदोलकांवर कुत्रे सोडले त्यावर एक नवं, थेट गाणंही. किंग आणि एलिंग्टन यांची भेट याच दिवसांतली.

दिल्लीत आजारी, मुंबईत हजर

त्यानंतर लगेच, सप्टेंबर १९६३ मध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याला बँडसह दौऱ्यावर पाठवलं. दमास्कसपासून सुरुवात. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका जॅझवाल्यांना राजदूतासारखं फिरवायची. आमच्याकडे कृष्णवर्णीयही किती वर येतात, हे जगाला दिसावं म्हणून. दौरा सुरू होऊन आठवडा-दीड आठवडा झाला आणि १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटला. चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. देशोदेशीचे पत्रकार एलिंग्टनला वर्णभेदाबद्दल विचारत होते आणि तो तोलूनमापून उत्तरं देत होता. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेल्या मुली. ‘कम संडे’ लिहिणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा अंदाज आपणच करायचा.

दिल्लीत तो आजारी पडला आणि रुग्णालयात भरती झाला. बँड त्याच्याविनाच हैदराबाद, बंगळूर, मद्रास करून आला. मुंबईत तो पुन्हा बँडला मिळाला. मुंबईला जॅझ नवं नव्हतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला होता. त्यांच्यामागून आलेल्या वादकांकडून गोव्याच्या पोरांनी हे संगीत उचललं. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाले फ्रँक फर्नांड, अशी कितीतरी नावं. दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवणारी ही मंडळी एलिंग्टनच्या धुना जाणत होती.

तो दौरा पुढे २२ नोव्हेंबरला केनेडींच्या हत्येनंतर थांबवला गेला. त्यातून जन्मलेला ‘फार ईस्ट स्वीट’ हा अल्बम डिसेंबर १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यात दिल्लीतली मैना आहे आणि हॅरी कार्नीच्या खर्जातला ताजमहालही. एलिंग्टनबरोबर हे सगळं लिहिणारा त्याचा जिवाभावाचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेला.

१९६५ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत समितीने एलिंग्टनला खास सन्मान द्यावा, अशी शिफारस केली. वरच्या मंडळाने ती फेटाळली. समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. ६६ वर्षांच्या एलिंग्टनने, नियतीला आपण इतक्या लहान वयात प्रसिद्ध व्हायला नको असावं, अशी थट्टा करून विषय सोडून दिला. त्याच सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये त्याने आपला पहिला धार्मिक कार्यक्रम केला. मध्यभागी होतं ‘कम संडे’. चर्चबाहेर थांबलेली ती धून आता वेदीसमोर वाजत होती.

२९ एप्रिल १९६९ ला, सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. वडील जिथे ताटं उचलायचे, तिथल्याच मेजवानीत मुलगा मुख्य पाहुणा होता.

त्या वर्षांत तो स्वतःच्या खर्चाने स्टुडिओ घ्यायचा आणि कुठल्याही कंपनीशी करार नसताना ध्वनिमुद्रणं करून ठेवायचा. त्यात ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’चेही भाग होते, १९४४ मध्ये आणि १९५८ मध्ये गाळलेलेसुद्धा. कुणाला न सांगता तो ती रचना पुन्हा जुळवत होता. ती मुद्रणं त्याच्या हयातीत बाहेर आली नाहीत.

२४ मे १९७४ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने तो न्यूयॉर्कमध्ये वारला. सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमधल्या अंत्ययात्रेला बारा हजारांवर माणसं आली. पाचच महिन्यांत हॅरी कार्नीही गेला. पुलित्झर मंडळाने १९९९ मध्ये, जन्मशताब्दीला, त्याला मरणोत्तर सन्मान दिला.

आणि २३ जानेवारी १९४३ च्या त्या रात्रीचं काय? कार्यक्रमाचं मुद्रण त्या वेळी खासगीरीत्या करून ठेवलेलं होतं. ते १९७७ मध्ये प्रेस्टिज कंपनीने तीन एलपींच्या संचात काढलं. आवाज खरखरतो, टाळ्या मध्येच येतात. पण ढोलांच्या पहिल्या ठोक्यापासून हार्लेमपर्यंतचा तो इतिहास दुकानात विकत मिळायला लागला तो तेव्हा, पहिल्या प्रयोगानंतर ३४ वर्षांनी.